खाजाभाईची पेन्सिल

श्रीगोंद्याच्या पेठेत, माझ्या कापडाच्या दुकानासमोर खाजाभाई फोटो काढायचा. धंदा म्हटलं की त्याला राग यायचा. "कला म्हना," म्हणायचा. मागचा पडदा त्यानं स्वतःच रंगवलेला होता: महाल, पायऱ्या आणि तळ्यात हंस. हंस बदकासारखे दिसतात असं मी एकदा बोललो, तर माझ्या लग्नाच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आले. योगायोग असेल. मला तसं वाटत नाही.

त्याची खरी करामत पेन्सिलीत होती. देवी येऊन गेलेले चेहरे तेव्हा घरोघर. तेव्हा निगेटिव्ह काचेची असे; खाजाभाई ती काच उजेडाला धरायचा, सुईसारखी तासलेली पेन्सिल घ्यायचा आणि गालावरचा एकेक वण काचेवरच भरून काढायचा. कागदावर गाल उतरायचे ते लोण्यासारखे. मग चौकट करायचा कानिफनाथ, शेजारचा सुतार आणि खाजाभाईचा जिवलग. सागवानावर तो अशी वेलबुट्टी कोरायचा की लोक आतलं माणूस सोडून चौकटच बघत बसायचे. यावरून दोघांची रोज जुंपायची आणि रोज एकाच कपबशीतला चहा दोघं वाटून प्यायचे.

एकेचाळीस साली पारनेरकडचा एक तरुण आला, भीमा नावाचा. लग्न जमवायला फोटो हवा होता. देवीनं चेहऱ्याची पार चाळण केलेली. बाजार नव्हता, रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. त्याचं तोंड नीट पाहिलं ते खाजाभाईनं आणि कानिफनं. खाजाभाईनं त्या काचेवर जीव ओतला. कागद वाळत घातल्यावर कानिफ म्हणाला, "आरं खाजा, वन पुसलं आन् ह्यो तर माझा जुळा भाऊ निगाला की!" दोघं पोट धरून हसले. ते हसणं खाजाभाईला पुढं जन्मभर पुरलं.

फोटो इतका झकास आला की एक प्रत त्यानं दारातल्या फळीवर लावली. बाजाराच्या दिवशी ती फळी म्हणजे गावाची करमणूक. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मेथीची जुडी काखेत धरून चेहरे बघत उभी राहायची आणि खाजाभाई आत मिशीवर ताव देत बसायचा.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर हवा बदलली. रेल्वेच्या कडेच्या तारा तुटल्या आणि पेठेत लोक हळू आवाजात बोलायला लागले. भीमा त्यातलाच, हे कानोकानी खाजाभाईपर्यंत आलं. त्याची बायको सरवरी म्हणाली, "तेवढा फोटू उतरवा आता."

"एवढा बाजार होऊ दे," खाजाभाई म्हणाला. फळीवर त्याच्या तोडीचा दुसरा फोटो नव्हता, एवढंच कारण. मला आजही त्याचा संताप येतो.

त्याच बाजारात पोलीस आले. कुणा खबऱ्यानं फौजदाराला सांगितलं होतं की तारा तोडणाऱ्याचं नाव भीमा आणि त्याचा फोटो खाजाच्या फळीवर मधोमध आहे. गाव कुठलं ते त्या खबऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि भीमाला त्यानंही पाहिलं नव्हतं. फौजदारानं फोटो काढून घेतला. "कुठला हा?" त्यानं विचारलं. "वाटसरू हुता, साब," खाजाभाई म्हणाला. पोलीस गेल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. या फोटोवरून भीमाला त्याची आईसुद्धा ओळखणार नव्हती. आपली पेन्सिल पोराच्या कामी आली म्हणून तो खूश झाला. सरवरी मात्र जेवली नाही.

फोटो हातोहात फिरला. चौथ्या दिवशी एका शिपायानं सुताराच्या दारात रंधा मारणारा माणूस पाहिला, खिशातला कागद पाहिला आणि कानिफला उचललं.

गाव ठाण्यावर गेलं. हा जन्मापासून कानिफनाथच आहे, म्हणालं. फौजदार हसला. "दिवसा कानिफ, रात्री भीमा," म्हणाला. मग खाजाभाईला आत बोलावलं. आत काय झालं ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

"फोटो ह्याचाच ना?"

"न्हाई, साब."

"मग कुणाचा? फरक दाखव."

फरक सांगितला की कानिफ सुटला आणि भीमा गेला. भीमा नावाचा, देवीनं चेहऱ्याची अशी चाळण केलेला तरुण शोधायला पोलिसांना किती वेळ लागणार? खाजाभाईनं कानिफकडं बघितलं. कानिफ भिंतीकडं बघत होता. त्यालाही फरक ठाऊक होता आणि मार खाऊनही त्यानं तो सांगितला नव्हता.

"माझा दोस्त हाय, साब," एवढंच खाजाभाईला बोलता आलं.

"म्हणूनच खोटं बोलतोस," फौजदार म्हणाला.

कानिफची आई मनकर्णा रोज येऊन फोटोच्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागली. "खाजा, तुला ठावं हाय, त्यो माझा पोरगा न्हाई फोटूत. मग कुनाचा हाय ते सांग की, बाबा." तिला सांगावं तर ती सरळ ठाण्यात जाऊन ओरडली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं. खाजाभाई मान खाली घालून पडद्यावरच्या हंसांना रंग देत राहायचा.

एके दिवशी दुपारी तिचं रडणं ऐकवेना, तेव्हा त्यानं ती काच काढली. कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला. एकदा फिरवला असता तर पेन्सिल निघून भीमाचे सगळे वण वर आले असते. कापूस काचेजवळ नेला आणि पुन्हा मागं घेतला. शेवटी त्यानं काच दगडावर आपटली. पायरीवर मनकर्णानं विचारलं, "काय फुटलं रं?"

कानिफ तुरुंगातून परतला चव्वेचाळीसमध्ये. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. खाजाभाई त्याच्यासमोर उभा राहून लहान मुलासारखा रडला. "तू का न्हाई सांगितलंस?" म्हणाला.

"तू सांगितलंस व्हय?" कानिफ म्हणाला. त्यात राग होता की माया होती, हे खाजाभाईला कधीच कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवसापासून त्यानं पेन्सिल सोडली. गिऱ्हाइकं नगरला जायला लागली.

स्वातंत्र्य आलं. भीमा उजळ माथ्यानं फिरायला लागला. सत्काराला फोटो हवा म्हणून एक दिवस हसत हसत खाजाभाईकडं आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं?

"खाजाभाई, पयल्यासारखा काढा. वन पुसून. आन् चौकट त्या कानिफच्या हातचीच पायजे."

कानिफ पायरीवरच बसला होता. बशी त्यानं दोन्ही तळव्यांत धरली होती, कारण एका हातात ती राहत नसे. भीमा त्याच्याकडं बघायला लागला. आपल्या जुन्या फोटोतला तो चेहरा, तो हात, आणि फळीवरची ती मोकळी जागा, जिथं नंतर खाजाभाईनं कुणाचाच फोटो लावला नव्हता. खाजाभाईनं सारं सांगून टाकलं. कानिफ चहा पीत राहिला.

भीमा फोटोच्या खुर्चीत जाऊन बसला. मग म्हणाला, "काढा. हाय तसा."

चौकट कानिफनं डाव्या हातानं केली. नुसत्या चार पट्ट्या, त्याही वाकड्या. तो फोटो खाजाभाईनं फळीवर त्या मोकळ्या जागी लावला. आधीचा फोटो कुणाचा होता हे मनकर्णाला आता कळलं होतं; ती दर बाजारी येऊन त्याच्यासमोर उभी राहायची, त्या चेहऱ्यावरचा एकेक वण बघायची आणि घरी जायची.