हरणाचा तांबडा रस्सा

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो. माझ्या थोरल्या बहिणीने, वसुधाताईने, आयुष्यात एकदाच मांस खाल्लं. ते मी शिजवलं होतं. तिने विचारलं, तेव्हा मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. तिला अजून पत्ता नाही. बाकी प्रवास छान झाला.

कोल्हापूरहून मी ताईकडे नेपरव्हिलला गेलो होतो. शिकागोच्या पश्चिमेचं हे गाव. रुंद रस्ते, एकसारखी घरं आणि नोव्हेंबरातच हाडात शिरणारी थंडी. भाऊजी डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांच्या मुलीचं, सानिकाचं, बेन नावाच्या मुलाशी लग्न ठरत होतं. ठरलं नव्हतं, ठरत होतं. कारण ताईने अजून 'बघू' याच्या पुढचा शब्द उच्चारला नव्हता. बेनचे वडील डेल उत्तर विस्कॉन्सिनमध्ये एका तळ्याकाठी एकटे राहतात. पहिल्या भेटीसाठी त्यांनी आम्हाला मुक्कामाला बोलावलं. फोनवर म्हणाले, यंदा मिळालेलं हरीण तुमच्यासाठी राखून ठेवलंय, तुम्ही मांस खाता ना?

भाऊजी म्हणाले, "युज्वली नाही खात, बट वुई विल डेफिनेटली टेस्ट."

आपल्याकडे या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे आमच्या सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. डेलनी मात्र ते होकार म्हणून ऐकलं आणि फ्रीझर उघडला.

"तुम्हाला सरळ नाही म्हणता येत नव्हतं?" ताईने विचारलं.

"अगं, बरं दिसतं का ते?" भाऊजी म्हणाले. कॉन्फरन्सांमधून ते सगळं खात आले होते, पण ती गोष्ट घरात काढायची नाही असा रिवाज होता. मग ताई माझ्याकडे वळली. "मी खाणार नाही. आणि त्या माणसाला वाईट वाटलेलंही मला चालणार नाही. आता तू काय ते बघ."

मी बघायचं, कारण घराण्यातला उघडपणे बाटलेला मी एकटाच. नोकरीसाठी कोल्हापुरात खोली घेतली, तिथे मटण खायला शिकलो, मग शिजवायलाही. आई होती तोवर माझं ताट वेगळं असे. आई गेल्यावर ते ताईने आपल्या घरी चालू ठेवलं, तेही न बोलता, प्रेमाने.

तर आम्ही चौघं निघालो. बेनला हॉस्पिटलात ड्यूटी होती, तो येऊ शकला नाही. डिकीत माझा कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं आणि थंड पेटीत तळहाताएवढी जाड मशरूम. मक्याची कापलेली शेतं संपली, मग पाइनची झाडं सुरू झाली, मग बर्फ. एका पेट्रोलपंपावर केशरी जाकिटं घातलेले शिकारी कॉफी पीत उभे होते. शेजारच्या पिकअपमध्ये हरीण आडवं होतं, जीभ बाहेर आलेली. भाऊजींनी घड्याळात बघितलं. ताईने डोळे मिटले.

"आई, इट्स नॉर्मल हिअर," सानिका म्हणाली.

"असेल की. मी कुठे काय म्हटलं?"

डेल दारातच उभे होते. उंच, गुडघ्यात अधू, हात फावड्यासारखे. आधी मडरूम (बर्फाचे बूट काढून ठेवायची खोली), मग बैठक. बैठकीत भिंतीवर शिंगांसकट एक हरीण आमच्याकडे बघत होतं. ताई त्याच्याकडे पाठ करून बसली. डेलनी स्वतः केलेला अ‍ॅपल पाय, म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, पुढे केला. (डेलचं इंग्रजी इथून पुढे मी माझ्या मराठीत देतो.)

"नको नको, आत्ताच खाऊन निघालो," भाऊजी म्हणाले. आम्ही सकाळपासून उपाशी होतो. "नको, खरंच नको," ताई म्हणाली.

डेल म्हणाले, "बरं." आणि पाय आत नेऊन ठेवला. भाऊजींच्या पोटातून आलेला आवाज मला ऐकू आला.

स्वयंपाक गराजमध्ये होता. तिथे डेलची गॅसची मोठी शेगडी होती. मांस घराबाहेर शिजणार, वेगळ्या भांड्यात शिजणार. अगदी आमच्याकडचीच रीत. मी इतका खूश झालो की डेलना वाटलं, मला शेगडीच आवडली. त्यांनी पांढऱ्या कागदातली पुडकी मांडली आणि त्यातलं एक बाळासारखं उचललं. बॅकस्ट्रॅप, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचं लुसलुशीत मांस.

"मीठ, लोणी, तापलेला तवा. आत गुलाबी राहिलं पाहिजे. आणखी काही केलंत तर पाप आहे."

"आमच्या लोकांना गुलाबी दिसलं तर ते टेबलावरून उठतील," मी म्हटलं.

ते कष्टाने हसले. मग बॅकस्ट्रॅप परत ठेवून खांद्याचं मांस दिलं. ते त्यांनी आदल्या दिवसापासून ताकात भिजवलं होतं, वास जावा म्हणून. हे मीच त्यांना शिकवणार होतो. रानातल्या मांसाला चरबी नसते, ते घाईत चामड्यासारखं होतं. म्हणून तेल सढळ, खोबरं जास्त आणि आच मंद. हे सगळं त्यांच्या काळ्या बिडाच्या भांड्यात. शेजारी स्टीलच्या छोट्या पातेल्यात तोच मसाला, तोच रस्सा, आणि आत मशरूम. मांसासारखी दिसावीत म्हणून ती मी आधी खरपूस भाजून घेतली होती.

"हे वेगळं का?"

"मोठ्यातलं तिखट, छोट्यातलं बेताचं," मी म्हटलं. "बहिणीचं पोट नाजूक आहे."

डेलनी गंभीरपणे मान हलवली. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मघाशी पाय आत नेला, तर तुमच्या बहिणीचा चेहरा उतरला. माझं काही चुकलं का?"

आता इथे गप्प बसायला काय हरकत होती? आयुष्यभर बसलोच होतो. पण परदेशी माणसाला आपली संस्कृती समजावून सांगायची संधी मराठी माणूस सोडत नाही. मी त्यांना आग्रह शिकवला. आमच्याकडे पाहुणा नकोच म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो, ते सगळं मानायचं नसतं. त्यावर थांबणं म्हणजे पाहुण्याला उपाशी उठवणं. बोटांच्या फटीतून वाढतो तो खरा यजमान.

"बोटांच्या फटीतून," डेल पुटपुटले. त्यांना ते फार आवडलं.

जेवायला बसलो. भात, पाव, आणि ज्याच्या त्याच्या भांड्यातला रस्सा. डेलनी डोळे मिटून आधी देवाचे आणि मग हरणाचे आभार मानले. शिकारीच्या सकाळी धुकं होतं, हरीण ओढ्याकडून आलं, मरताना त्याला त्रास झाला नाही, म्हणाले. ताईने हात जोडले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "किती सरळ माणूस आहे रे." मी मनात म्हटलं, लग्न ठरलं.

रस्सा जमला होता. डेल घाम पुसत खात होते. "माझ्या हरणाचं इतकं चांगलं कुणी केलं नाही," ते मला म्हणाले, आणि मी अगदी फुगलो. सानिका पाव गरम करायला आत गेली. भाऊजी केवळ सभ्यता म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेत होते. डेल उठले, ओट्यावरच्या काळ्या भांड्यात डाव बुडवला आणि लंगडत ताईच्या मागे येऊन उभे राहिले. नाजूक पोट हेही त्यांच्या लेखी एक 'नको'च होतं; आता तिला बेताचं नव्हे, खरं द्यायचं होतं.

"नो नो, प्लीज, इनफ!" ताईने ताटावर हात धरला.

"मला सगळं माहीत आहे," डेल म्हणाले, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि बोटांच्या फटीतून वाढलं.

डाव कुठल्या भांड्यातून आला ते ताईने पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसत, सहज, मराठीत विचारलं, "हे आपलंच ना रे?"

मराठीतलं एक 'नको' पुरलं असतं. डेलना कळलंही नसतं. ताईने भाताखाली ते सारलं असतं, पोट भरल्याचं सोंग केलं असतं, आणि सगळं निभावलं असतं.

मी म्हटलं, "हो. आपलंच. खा."

सानिकासाठी बोललो, डेलना वाईट वाटू नये म्हणून बोललो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं तसं नाही. माझं वेगळं ताट वेगळं घासणाऱ्या त्या हातांकडे बघताना मला क्षणभर वाटलं, बघू या. बाटणं काय असतं ते एकदा हिलाही कळू दे. तो क्षण गेला, पण तोवर तिने घास घेतला होता.

"हे जास्त मऊ शिजलंय," ताई म्हणाली. आणि तिने ताट पुसून घेतलं, कारण अन्न टाकणं तिला पाप वाटतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तळं गोठलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी खुर्ची टाकून मासे धरत बसला होता. डेलनी ताईला नमस्कार केला, बराचसा बरोबर. परतीच्या वाटेवर ताई सानिकाला म्हणाली, "तारीख काढा." सानिका मागच्या सीटवरून माझ्या गळ्यात पडली. "मामा, यू आर द बेस्ट!" मी खिडकीबाहेर बघत होतो.

कोल्हापूरला परत आलो. कुणी विचारलं तर मी बर्फाबद्दल सांगत असे. मग एके दिवशी ताईचा फोन आला. आवाज हलका होता.

"अरे, मी डेलना खरं सांगून टाकलं. त्यांच्या घरी बसून त्यांनाच फसवलं, ते मला खात होतं. म्हटलं, सॉरी, माझ्या छोट्या भांड्यात मशरूम होती, तुमचं हरीण मी चाखलंही नाही."

"मग?" मी विचारलं.

"बिचारे म्हणाले, इट्स ओके, वसुधा. मोठ्या मनाचा माणूस. मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू!"

त्याच दिवशी डेलचा मेसेज आला. 'मी तिला मोठ्या भांड्यातून वाढलं. मला माहीत नव्हतं. माझी चूक आहे. तिला सांगू का?'

चूक त्यांची नाही. वाढायला मी शिकवलं, भांड्यांबद्दल खोटं मी बोललो, 'खा' मी म्हटलं. हे चार शब्दांत कळवता आलं असतं. मी तो मेसेज रोज उघडतो आणि बंद करतो. लग्न उन्हाळ्यात आहे, माझं तिकीट काढून झालंय.

डेलना उत्तर देणं बाकी आहे. ताईला खरं सांगणं बाकी आहे, आणि ते डेलनी सांगायच्या आत, मी.