मागे सरा, जागा आसा!

रिकामी जागा नावाची वस्तू या जगात नाहीच, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझ्या आतेचा नवरा निघाला. या आतोबांनी पेडणे-डिचोली मार्गावरच्या एका खाजगी बसवर उभं आयुष्य कंडक्टरकी केली. "मागे सरा, जागा आसा! अजून अर्धो गोवा मावतलो!" असं ते दारात लोंबकळत ओरडायचे आणि आश्चर्य म्हणजे माणसं खरोखरच मावायची. एका फेरीत त्यांनी हरमलच्या मासळीच्या टोपल्या, पार्सेचं एक अख्खं वऱ्हाड आणि एक वासरू आणलं होतं. कोणालाही वाटेत उतरवलं नाही. नवऱ्यामुलाच्या कोटाला बांगड्याचा वास लागला, एवढंच.

निवृत्त झाल्यावर बस सुटली, पण ओरडणं सुटलं नाही. पंगतीत दोन पाटांमधलं अंतर डोळ्यांनी मोजून "हांगा एक म्हातारी आरामात बसतली," असं ते जाहीर करत आणि कुठूनतरी खरंच एक म्हातारी आणून बसवत. माझ्या लग्नात फोटो काढताना माझ्या आणि नवरीच्या मध्ये वीतभर फट राहिली होती. फोटोग्राफर काही बोलायच्या आत आतोबांनी तिथे माझी चुलतसासू उभी केली. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात सगळे आहेत. बायकोचा फक्त डावा कान आहे. आते बिचारी म्हणायची, "ह्यांका बाजारात पाठवूक नको. पिशयेत जागा उरली तर दुसऱ्याचीय भाजी भरून हाडतत."

आतोबांचं घर डिचोलीत, बाजारामागच्या वाड्यावर. वाडा म्हणजे आमच्याकडे वस्ती. नऊ घरं, नऊही पावसात गळणारी, आणि त्यांच्यामधे तीन मोकळ्या जागा: एक कोसळलेलं गॅरेज, एक गाड्यांची पडकी शेड आणि एक नुसतंच रान. खाणी तेव्हा जोरात होत्या. सिंधुदुर्गातून आलेले ट्रक-ड्रायव्हर, शाळामास्तर, नर्स खोल्या शोधत दारोदार फिरायच्या, आणि वाड्यावरची तरुण पोरं मात्र गळक्या छपरांना कंटाळून एकेक करून बाहेर पडत होती. अशा वेळी पांढरे बूट घातलेला एक बिल्डर आला. त्याने देवळाच्या मंडपात सगळ्यांना बोलावून थर्माकोलचं मॉडेल मांडलं. त्यात आठ मजले होते, कारंजं होतं, कारंज्यापाशी कुत्रंसुद्धा होतं. नव्हती ती फक्त वाड्यावरची नऊ घरं.

"ह्यात माझी चूल खंय?" जत्रेत खाजं विकणाऱ्या आक्कांनी विचारलं.

"तुम्हां सगळ्यांना गावाबाहेर शेताकडे छान फ्लॅट, आजी."

"आणि थंय माझां खाजां कोण घेतलो? म्हशी?"

लोक हसले, पण ते हसणं लगेच विरलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं अर्धं छप्पर मागच्याच पावसात शिलाई मशीनवर आलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "हसान काय होता? मी सही करतंय. दुसरी वाट असली तर सांगा." आणखी दोघांनी पेन मागितलं. त्या क्षणी मला वाटलं, संपला वाडा.

आतोबा उठले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "सगळे भायर चला," ते म्हणाले, आणि त्यांच्या बसमधल्या तीस वर्षांच्या सवयीने माणसं मुकाट चालू लागली. देवळासमोरच्या पटांगणात त्यांनी प्रत्येक कुटुंबाला आपापल्या घराच्या जागी उभं केलं. आक्का मधे, शिंपी कोपऱ्यात, आतेला त्यांच्या घराच्या जागी, कमरेवर हात ठेवून. वाड्यावरच्या विहिरीच्या जागी कोणी उरेना, म्हणून त्यांनी बिल्डरलाच दंडाला धरून तिथे रोवलं. मग रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना बोलावून ते घरांमधल्या तीन फटींत भरू लागले. तीन ड्रायव्हर, एक नर्स, एक मास्तरीण, मास्तरणीची आई! "सर गो बाय, जागा आसा!" बिल्डर जरा हलला तसे ते खेकसले, "विहीर हलता काय कधी?"

बिल्डरबरोबर आलेली इंजिनियर मुलगी, मूळची पार्सेची, आधी तोंडावर रुमाल धरून हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. तिने टेप काढली, गॅरेजच्या जागी उभ्या असलेल्या ड्रायव्हरांभोवती ती फिरली आणि म्हणाली, "आजोबा, कोणाचंच घर पाडूक नको. तीन मोकळ्या जागांत तीन-तीन मजले उठतत. त्यांच्या भाड्यात जुन्या घरांची छपरां नवीन होतत."

"माका म्हायती आसा," आतोबा म्हणाले. त्यांना अजिबात माहीत नव्हतं.

आता पेन कोणीच मागेना, तसा बिल्डर मॉडेल काखेत मारून गेला. मुलीने त्याची नोकरी सोडली आणि कागदावर रीतसर नकाशे काढून दिले; खोल्या हव्या असलेल्यांच्या आगाऊ भाड्यावर काम सुरू झालं. काम दोन वर्षं चाललं आणि आतोबांनी एकच कायदा केला: छपरासाठी म्हणूनसुद्धा कोणी वाड्याबाहेर राहायला जायचं नाही. ज्याचं छप्पर उघडं पडेल तो आतोबांच्या घरी. एके वेळी आतेच्या घरात सतरा माणसं, शिंप्याची मशीन आणि आक्कांच्या खाज्याच्या कढया होत्या. आंघोळीला रांग लागायची आणि आतोबा टॉवेल गुंडाळून रांगेची शिस्त पाहत. शिंप्याच्या घरावर नवीन मंगलोरी कौलं चढली त्या दिवशी तो आतोबांच्या समोर नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न मागता शिवलेला सदरा आणून दिला. तो दोन बोटं ढगळ होता.

वर्षं गेली. गेलेल्या पोरांपैकी चौघं परत आली. नव्या खोल्यांतल्या नर्सचं ड्रायव्हरशी लग्न झालं. वाड्यावर मुलं एवढी झाली की आतोबांच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचा चेंडू लागून दर महिन्याला फुटू लागल्या. ते काठी आपटून ओरडत, "शांती म्हणान नाय ह्या वाड्यार!"

शेवटच्या आजारपणात आतेने त्यांची खाट खिडकीजवळ ओढली. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून आक्कांनी सगळ्या मुलांना दूर तळ्याकडे खेळायला पिटाळलं होतं. दुपार अगदी शांत होती. मी उशाशी बसलो होतो. आतोबांनी डोळे उघडले, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "रे, सगळी खंय गेली?"

मी धावत गेलो आणि मुलांना घेऊन आलो. त्यांना ओरडायला सांगावं लागलं नाही. दहा मिनिटांत पहिला चेंडू भिंतीवर आदळला. आतोबांनी भुवया उंचावल्या, काहीतरी खेकसण्यासाठी तोंड उघडलं, आणि मग तसेच, ऐकत ऐकत, झोपी गेले.