कागदावरचे बहात्तर

आमच्या वडिलांना सगळे दादा म्हणत. कारखान्यात लेथ मशीनवर पस्तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. मापात केसाएवढा फरक पडला तरी तो तुकडा भंगारात फेकत. स्वतःच्या वयात मात्र त्यांनी सात वर्षांचा घोळ जन्मभर खपवला. नोकरीला लागताना वयाची अट आडवी आली, तेव्हा थोरल्या काकांनी फॉर्मवर बिनदिक्कत सात वर्षं कमी लिहिली. घरात आम्हाला या थापेचं कौतुकच. "दादा, यंदा खरे किती आणि कागदी किती?" हा वाढदिवसाचा ठरलेला विनोद.

मग सोनोग्राफीत पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा दिसला, साडेपाच सेंटिमीटरचा. फुटला तर माणूस हाती लागत नाही. सर्जनबाईंनी कागद चाळले. "बहात्तर आहेत म्हणून ऑपरेशन करू म्हणते. ऐंशीच्या घरात असते तर थांबले असते, अधूनमधून फुगा मोजत राहिले असते. त्या वयात पोट उघडणं फार जोखमीचं."

दादा एकोणऐंशीचे होते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, खरं सांगूया का?"

"वेडी आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तीन जिने चढतो मी रोज, म्हातारा कोण?"

मी लगेच ऐकलं. खरं सांगायचं तर मलाच तो फुगा नको होता. ते नुसते खोकले तरी मी हातातलं काम टाकून धावत जायचे. एकदाचं उरकून टाकू, असं मला झालं होतं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं थकली, मग फुप्फुसं. नवव्या दिवशी दादा गेले. थांबलो असतो तर जगले असते का, कुणास ठाऊक. पण ती जोखीम बाईंनी खऱ्या वयावर तोलायला हवी होती, आणि ते वय मी दाबून ठेवलं. याची मला लाज वाटते.

सर्जनबाई स्वतः भेटायला आल्या. डोळे सुजलेले. "बहात्तरच्या माणसाचं शरीर इतक्या लवकर हार मानत नाही हो. माझंच कुठेतरी चुकलं."

मला राहवलं नाही. "बाई, ते एकोणऐंशीचे होते."

त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.