दादाची बुटकी लेन्स

कपाट आवरताना दादाची कॅमेऱ्याची बॅग निघाली. उघडताच जुन्या चामड्याचा दमट वास आला आणि मला औरंगाबादचं ते दुकान आठवलं.

दादाचा जुन्या जालन्यात फोटो स्टुडिओ होता आणि मी कॉलेजात बॅडमिंटन खेळायचे. आमच्या वडिलांना, आबांना, माझं खेळणं पसंत नव्हतं. ते हॉलकडे कधी फिरकलेही नव्हते. माझा खेळ त्यांना फोटोतून दाखवायचं दादानं ठरवलं. पण हॉलमध्ये उजेड अंधुक, आणि फ्लॅश मारला की माझे डोळे दिपायचे, शटल दिसायचंच नाही.

औरंगाबादच्या त्या दुकानात काउंटरवर दोन लेन्स होत्या. एक लांबलचक झूम, जिच्यासाठी दादा कधीपासून झुरत होता; दुसरी बुटकी, पण कमी उजेडात चालणारी.

"झूम घे की. लांबून बराबर फोटो येतील," मी म्हणाले.

"तिला फ्लॅश मारावाच लागन. मंग तू खेळशील कशी?" दादानं झूम एकदा डोळ्याला लावून पाहिली आणि अलगद परत ठेवली. "बुटकीच द्या, चाचा."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज त्याचं ते अलगद ठेवणं डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या सामन्यात तो कोर्टाच्या अगदी कडेला मांडी घालून बसला. सामना मी हरले. फोटो थोडा खरखरीत आला, पण त्यात माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले होते.

आबांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"एवढी उडती व्हय ही?" त्यांनी दादाला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढची मॅच कधी हाय तुझी?"