बोटभर लांब

वन्सं गेल्या त्या दुपारी मी मेथी निवडत होते. माझ्या मुलीचा, मंजूचा, हॉस्पिटलमधून फोन आला. "आई, आत्या गेली गं," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. मी फोन कानाला धरून उभी होते. मनात काय आलं ते लिहायचीही लाज वाटते... मी गेले तर ही इतकी रडेल का, असं आलं. आज महिना झाला, तरी ते मनातून जात नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कोथरूडला आमच्याकडेच राहिल्या. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. मी खडकवासल्याकडच्या खेड्यातली, चौथी पास. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात आणि त्या बाहेर बोलायला, हे न ठरवता ठरलेलं होतं. मंजू शाळेतून आली की चपला काढता काढता "आत्या आली?" म्हणून विचारायची. खायला मी द्यायची, शाळेतलं सगळं मात्र ती आत्यासाठी राखून ठेवायची.

लॅबमध्ये नवे मायक्रोस्कोप आले तेव्हा जुन्यातला एक वन्संनी घरी आणला. खिडकीपाशी टेबल मांडलं, समोर दोन स्टुलं ठेवली. एक त्यांचं, एक मंजूचं. तिसरं कुणी आणलं नाही. रविवारी दोघी तिथे बसायच्या आणि मी आतून त्यांचं हसणं ऐकत भाजी चिरायची.

एकदा मंजूने विचारलं, "आत्या, वरच्या भिंगावर दहा लिहिलंय, खालच्यावर दहा, म्हणजे शंभर पट. पण कशाच्या शंभर पट?" मी तेव्हा कोपऱ्यात ब्लाउजला हुक लावत होते. वन्सं म्हणाल्या, "तुझी आई दोरा ओवताना सुई किती लांब धरते बघ. वहिनी, हलू नका हं." आणि माझ्या डोळ्यापासून सुईपर्यंत त्यांनी हाताने मोजलं. वीतभर आणि वर दोन बोटं. "त्याहून जवळ धरली की बहुतेकांना पुसट दिसतं. लांब नेली की बारीक. म्हणून एवढ्या अंतरावर ठेवलेली वस्तू साध्या डोळ्याला जेवढी दिसते, त्याच्या शंभर पट." मंजूनेही मोजलं. मी सुई धरून बसले होते. मोजायची वस्तू मी आणि मोजणाऱ्या त्या दोघी. दुसऱ्या दिवशी मंजूने वर्गात हे सांगितलं, बाईंनी शाबासकी दिली. घरी येऊन म्हणाली, "आत्याने शिकवलेलं सगळं बरोबर आलं." सुई माझी होती, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्याच दिवसांत वन्संनी मला बोलावलं. "वहिनी, या की. कांद्याचं साल आहे, रोज चिरता, एकदा बघा तरी." मी मंजूच्या स्टुलावर बसले आणि डोळा वरच्या भिंगाला घट्ट चिकटवला. मला वाटलं, जितकं जवळ जाऊ तितकं नीट दिसेल. दिसलं काय, तर काळोख आणि माझ्याच पापण्यांचे केस. मंजू शेजारी उभी होती. नाही दिसलं म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, आईला हेही येत नाही. मी म्हटलं, "दिसलं की. छान आहे."

"कुठल्या रंगाचं दिसलं?" वन्संनी विचारलं.

"पांढरं." कांद्याचं पातळ साल आणखी कुठल्या रंगाचं असणार.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काचपट्टी काढून घेतली. मग म्हणाल्या, "बरोबर. चला, चहा टाका आता, तुमच्या हातचा." मी सुटले. पुन्हा कधी त्या टेबलाशी गेले नाही.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, मायक्रोस्कोप तुम्ही ठेवा. आणि डोळा चिकटवू नका. बोटभर लांब ठेवा, मग हळूहळू पुढे या." मला वाटलं, तापात बोलताहेत.

तेरावं झाल्यावर मायक्रोस्कोपचं खोकं उघडलं. कांद्याची ती काचपट्टी आत होती, कडेला वन्संच्या बारीक अक्षरात 'कांद्याचं साल' असं लिहिलेलं. मायक्रोस्कोपचा खालचा आरसा खिडकीकडे वळवला, डोळा बोटभर लांब ठेवला, चाक हळूहळू फिरवलं. विटांच्या भिंतीसारखं सगळं उभं राहिलं, आणि ते गुलाबी होतं. नीट दिसावं म्हणून त्यांनी साल रंगवलेलं होतं.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मुलीसमोर माझं हसू होऊ नये म्हणून बरोबर म्हणाल्या आणि जन्मभर गप्प राहिल्या. मी रडले, पण निम्मं रागाने. लपवलं मी, आणि त्यातही मोठ्या त्याच ठरल्या.

काल मंजूचा फोन होता. "रविवारी येते. आत्याचा मायक्रोस्कोप नेते गं, तुला काय करायचाय?"

"लागतो मला," मी म्हटलं.

"तुला?" ती म्हणाली.

बघायचा असेल तर इथे बसून बघ म्हणणार आहे. पांढऱ्याचंही सांगेन... जमलं तर. दोन्ही स्टुलं खिडकीशी आहेत. मंजूचं पुसून ठेवलंय. वन्संच्या स्टुलावर मी बसणार आहे.