मामीची सवत

आमच्या लालबागच्या मामीइतकं स्वतःच्या नावाबद्दल बेफिकीर माणूस मुंबईत दुसरं नसेल. दवाखान्यात कुणाचंही नाव पुकारलं की ही उठून आत जायची. एकदा कुणा पाटीलबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आली आणि महिनाभर गुण आल्याचं सांगत होती. राँग नंबर आला, तर समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवायची नाही. कागदपत्रं हे खातं मामांचं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गॅसच्या पावतीलाही फाईल करायचे.

मामा गेल्यावर कुटुंब पेन्शनच्या अर्जासाठी मी मामीला घेऊन कार्यालयात गेलो. कारकुनाने कागद चाळले आणि विचारलं, "यांच्या रेकॉर्डला पत्नी मधुरा आहेत. तुम्ही सुनंदा. मग तुम्ही कोण?" मी घामाघूम. मामीचं माहेरचं नाव शेवंती, म्हणजे तेही जुळेना. त्या एका नावापायी तिचं पुढचं सगळं अडलं होतं आणि माझ्या मनात मामांबद्दल नाही नाही ते येऊ लागलं. मामी बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, "तिका पण कळवूक व्हया रे, तुझो मामा गेलो म्हणान." पुढचे आठ दिवस ती ट्रंक उपसून सवतीचा पत्ता शोधत होती. तिला आठवण म्हणून द्यायला मामांचा एक स्वेटरही तिने धुऊन ठेवला. मीही इतका गोंधळलो, की चाळीत मधुरा नावाच्या बायकांची चौकशी करून आलो. एक सापडली, ती तिसरीत शिकत होती.

शेवटी आईला विचारलं. ती मामांची धाकटी बहीण. ऐकून ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली. लग्नात मामांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, मधुरा. आजीने ते वाचून तांदळांवरून हात फिरवला आणि सुनंदा लिहायला लावलं. मामा आजीपुढे बोलले नाहीत, पण पलटणीत परतल्यावर पहिलंच नाव नोंदवून मोकळे झाले. मामी तेव्हा मान खाली घालून बसली होती. तिला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मधुरा आणि सुनंदा एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. सही करण्याआधी मामीने कागद माझ्याकडे सरकवला. "ता नाव मोठ्यान वाच मरे." मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदाही. "इतकी वर्सां एकदा हाक मारूक काय झाला होता," असं पुटपुटत तिने डोळे पुसले आणि सही केली. मला मामांचा भारी राग आला. हौसेने ठेवलेलं नाव त्यांनी पलटणीतल्या कारकुनाला सांगितलं, आणि बायकोलाच सांगायचं राहून गेलं.