घासूनपुसून नेलेल्या सायकली
रॉकेलच्या चिंधीचा वास आला, की अजून माझं डोकं फिरतं. निजामाच्या राज्यात नळदुर्गला आमचं सायकल मंडळ होतं आणि सेक्रेटरी म्हणून सहली ठरवायचं लचांड माझ्या गळ्यात. एकदा सोलापूरला बायस्कोप बघायला निघालो. जाताना हद्दीवरच्या जकात नाक्याशी आमच्यातला एकजण म्हणाला, "सायकली नाक्याच्या वहीत लिहून देऊ, न्हाय तर परतताना अडवतेत." मी खेकसलो, "चल, लई उशीर होतोय!" बायस्कोप झाला. गावात थाटात शिरायचं म्हणून परतीआधी मीच सगळ्यांना तळ्याकाठी बसवून जुन्या सायकली रॉकेलनं घासून घेतल्या. आरशागत चमकल्या. नाक्यावरच्या कारकुनानं हँडलवर बोट फिरवलं. "सोलापुरात घेतलेला नवा माल हाय ह्यो. जकात भरा, न्हाय तर इथंच ठेवा." "साहेब, जुन्याच हायेत!" "मग जाताना का न्हाय लिहिल्या?" जकातीएवढे पैसे कुणाकडंच नव्हते. सगळ्या सायकली तिथंच सोडून आम्ही पायी निघालो. जाताना टोकणारा तोच गडी मागून म्हणाला, "सेक्रेटरीसाब, आता चपला पण पुसायच्या का?" आज अंगणात नात क्लबाच्या सहलीसाठी मोटारसायकल घासत बसलीय. मी ओरडलोच, "पोरी, थोडी धूळ राहू दे की!"